नागपूरच्या धंतोलीतलं हाडांचं क्लिनिक: एक्स-रे समोर ठेवून समजावून सांगतात

एका वर्षात आमच्या घरातल्या तिघांचे हात मोडले आणि तिघांनाही शेवटी इथंच दाखवलं, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिली आहे.

पहिला नंबर माझ्या मुलाचा, वय 9. सायकलवरून पडला, हात थोडा वाकडा दिसत होता पण बोटं हलवत होता, म्हणून सासूबाई म्हणाल्या मोडलं नसंल, मोडलं असतं तर हललं असतं का. हा गैरसमज मलाही होता. डॉक्टरांनी सांगितलं की मोडलेल्या हाताचीही बोटं हलतात, त्यावरून काही ठरवू नका. मग एक्स-रे स्क्रीनवर मोठा करून दाखवला. लहान मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं, एका बाजूनं तडकतं आणि दुसऱ्या बाजूनं नुसतं वाकतं, याला ग्रीनस्टिक म्हणतात. मनगटाजवळ मला एक काळी फट दिसली तर मी घाबरलीच, म्हटलं इथंही तुटलं का? तर ती हाड वाढायची जागा, सगळ्याच मुलांना असते. पण मार नेमका त्या जागेवर बसला तर पुढे हाडाची वाढ बिघडू शकते, म्हणून लहान मुलांचा हात सुजला की तेल चोळत बसू नका, असं त्यांनी बजावून सांगितलं.

मग आई, 67 वर्षांची. बाथरूममध्ये पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. बाजूनं बघितलं तर जेवायचा काटा उलटा ठेवल्यासारखा आकार दिसत होता. याला कोलिस फ्रॅक्चर म्हणतात, 1814 मध्ये आयर्लंडच्या अब्राहम कोलिस या सर्जननं याचं वर्णन केलं, तेव्हा तर एक्स-रे पण नव्हते. हात सुन्न करून हाड ओढून बसवलं आणि प्लास्टर घातलं. मला जास्त आवडलं ते हे की नुसतं हाड जोडून सोडलं नाही, एवढ्याशा पडण्यानं मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झाली असतील म्हणून डेक्सा टेस्ट (हाडं किती भक्कम आहेत ते मोजतात ती) करायला लावली. पुढच्या वेळी खुबा मोडू नये म्हणून आत्ताच औषध सुरू करू, म्हणाले.

तिसरा किस्सा सांगताना अजूनही वाईट वाटते. दीर फुटाळा तलावाजवळ गाडीवरून पडला, तळहातावर. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं, तिथं एक्स-रे बघून मोच आहे म्हणाले, क्रेप बँडेज आणि स्प्रे देऊन घरी पाठवलं. दोन महिने तो तसाच ऑफिसला जाऊन राहिला होता. इथं आणलं तर डॉक्टरांनी आधी अंगठा ताणायला लावला, अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथं दाबलं, आणि तो कळवळला. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं होतं. पहिल्या एक्स-रेत ते कित्येकदा दिसतच नाही, म्हणून संशय असला की प्लास्टर घालून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा किंवा एमआरआय करायचा असतो. या हाडाला रक्त बोटांच्या बाजूनं उलटं येतं, त्यामुळे मधोमध मोडलं की मागच्या तुकड्याला रक्त पोचत नाही आणि जुळायला फार वेळ लागतो. शेवटी स्क्रू टाकावा लागला. वेळेवर कळलं असतं तर कदाचित प्लास्टरवर भागलं असतं.

आणि हो, फ्रॅक्चर नाही, फक्त क्रॅक आहे, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात ना, त्यांनी स्पष्ट सांगितलं की क्रॅक म्हणजे फ्रॅक्चरच, फक्त हाड जागेवरून हललेलं नसतं. न जपता वापरलं तर हलू शकते.

प्लास्टर घातल्यावर नर्स ताई प्रत्येकाला सांगतात की दुखणं वाढत गेलं, बोटं बधिर झाली, निळी किंवा पांढरी पडली, किंवा सरळ करताना असह्य दुखलं तर रात्री दोन वाजता पण फोन करा, सकाळची वाट पाहू नका. खाज सुटली तरी आत पट्टी, सुई काही घालायचं नाही. मे महिन्यातल्या गर्मीत मुलाचे किती हाल झाले ते मलाच माहीत, पण आम्ही ऐकलं.

त्रास दोनच. संध्याकाळी दीड तास बसावं लागते, आणि गाडी लावायला जागाच नाही, धंतोलीत कुठंच नसते म्हणा. म्हाताऱ्या माणसाला आणायचं असंल तर ऑटोनं या, ऑटो दारापर्यंत येतो. जुने एक्स-रे असतील तर सगळे घेऊन या, ते नवीन एक्स-रेच्या शेजारी लावून बघतात.