अर्नाळकर आणावेत, ख्रिस्तीबाई विकत घ्यावी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते जळते नऊ दिवस, लागला की नागपुरात दुपारी एकच काम सुचतं, कूलरसमोर आडवं होऊन वाचत पडायचं. बारावीतून सुटलेल्या भाचीने परवा बर्डीच्या बाजारातून फोन केला. "मामा, पाचशे रुपये आहेत. अगाथा ख्रिस्ती घेऊ की बाबूराव अर्नाळकर? लांबण लावू नका, एकच सांगा न." उन्हात उभ्या पोरीला काय समजावणार? 'ख्रिस्ती घे' म्हणून मोकळा झालो. संध्याकाळी मोठ्या काकांना हे कळलं. "काऊन बे, मराठी पोरीला इंग्रजी बाईच्या हवाली केलं?" काकांचं तरुणपण काळा पहाड आणि झुंजार या अर्नाळकरांच्या नायकांमागे धावण्यात गेलेलं. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्यांचा राग अगदीच गैरवाजवी नाही. अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. ख्रिस्तीबाईंच्या रहस्यकादंबऱ्या ६६. पण ही आकड्यांची कुस्ती लावू नये, कारण दोघांचं दुकानच वेगळं आहे. अर्नाळकर वाचताना डोक्यात असतं, 'आता काय होणार?' ख्रिस्ती वाचताना असतं, 'मघाशी नेमकं काय झालं होतं?' एक पुढे पळवतो, दुसरी मागे फिरवते.

शाळेत असताना नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयातून आणलेल्या अर्नाळकरांच्या पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं निघालं. दहा मिनिटं चरफडलो, मग शेवट मीच जुळवला. नायक निसटला असणार, खलनायकाच्या हाती बेड्या पडल्या असणार. काही बिघडलं नाही, मजा तर आधीच्या पाठलागात वसूल झाली होती. कॉलेजात त्याच वाचनालयातून ख्रिस्ती आणली, तर बाराव्या पानावर एका नावाखाली कुण्या भल्या माणसाने पेन्सिलीने रेघ मारून लिहिलेलं, 'हाच खुनी'. पुस्तक तिथेच मेलं. बाईंचं एक नाटक लंडनमध्ये १९५२ पासून, करोनाचा खंड सोडला तर, सुरूच आहे. खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती तिथे प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना करतात. आमच्या वाचनालयात ती कुणी केली नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा की ख्रिस्ती कोरी विकत घ्यायची, अर्नाळकर कुठूनही, कसेही आणायचे.

विकत घेण्याचं दुसरं कारण म्हणजे ती संपल्यावर लगेच पुन्हा उघडावी लागते. आपण कुठे फसलो ते शोधायला. १९२६ साली रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनावरची तिची कादंबरी आली आणि ही वाचकाशी लबाडी झाली, असं म्हणणारे वाचक तेव्हाही होते, आजही भेटतात. मी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा दिसलं की बाईने सगळं समोर मांडलेलं होतं, मीच आंधळा. विषांची तिची माहितीही ऐकीव नव्हती. पहिल्या महायुद्धात तिने इस्पितळाच्या औषधालयात काम केलं होतं. १९७७ साली लंडनमधल्या एका इस्पितळात एका लहान मुलीचा आजार डॉक्टरांना कळेना, तेव्हा तिथल्या नर्सला ख्रिस्तीच्या कादंबरीतली लक्षणं आठवली आणि विष ओळखू आलं. कादंबरीचं नाव सांगत नाही, मीही पेन्सिलवाला ठरेन.

आणि ख्रिस्तीची ती म्हातारी गुप्तहेर, मिस मार्पल? ती मला तरी परकी वाटत नाही. महालातल्या वाड्याच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आजी, जिला कोण कुणाकडे किती वाजता गेलं आणि जाताना पिशवी भरलेली होती की रिकामी, हे सगळं ठाऊक असतं. अर्नाळकरांचे धनंजय आणि छोटू मराठी बोलतात खरे, पण त्यांच्या मोटारी, पिस्तुलं नि बुरखे आमच्या गल्लीत कधी आले नाहीत.

मराठीच्या बाबतीत मात्र काकांचं पारडं जड. ज्या पोरांना मराठी पान वाचायला दम लागतो, त्यांच्यासाठी अर्नाळकरांसारखं औषध नाही. छोटी वाक्यं, सतत हालचाल, कठीण शब्दापाशी अडायला सवडच नाही. ख्रिस्तीची इंग्रजीही सोपी, बारावीच्या पोरीला सहज झेपेल. म्हणून ती मूळ इंग्रजीतूनच वाचावी. तिचा धागादोरा पुष्कळदा एका शब्दात लपलेला असतो. इंग्रजीत 'द डॉक्टर केम इन' असं लिहून डॉक्टर बाई की पुरुष ते झाकता येतं. मराठीत बिचारा अनुवादक 'आला' लिहील किंवा 'आली', आणि अर्धं रहस्य क्रियापदच फोडून टाकेल.

ख्रिस्ती आता जुनी झाली, असा एक सूर आहे. एडमंड विल्सन या अमेरिकी समीक्षकाने तर १९४५ सालीच, अ‍ॅक्रॉइडला कुणी मारलं याची फिकीर कोणाला, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला होता. पात्रं पुठ्ठ्याची, हा आरोप मला बराचसा मान्य आहे. परदेशी आणि ज्यू माणसांबद्दलचे तिचे शेरे आज खटकतात, आणि खटकायलाच हवेत. २०२३ मध्ये बातम्या आल्या की नव्या आवृत्त्यांतून असे उल्लेख गाळले किंवा बदलले आहेत. त्यात एका न्यायाधीशाच्या 'इंडियन' संतापातला 'इंडियन' काढल्याचंही होतं. मे महिन्यात नागपुरात रिक्षाभाड्यावरून होणारी भांडणं पाहिली असती, तर तो शब्द ठेवायला मीच सांगितलं असतं. गमतीचं सोडा, मी जुनी प्रतच घेईन, तिच्या काळाचे डाग मला दिसलेले बरे. लहान मुलांच्या हाती द्यायची असेल तर नवी. अर्नाळकरांवर अशी कात्री कुणी चालवत नाही, कारण त्यांच्यावर भांडायलाच कुणी उरलं नाही. त्यांच्या बऱ्याच गोष्टी इंग्रजीचा हात धरून चालल्या आणि त्यातल्या बायका बहुधा वाचवून घेण्यापुरत्या, हे काकाही कबूल करतात. पण ज्याने पिढीच्या पिढी वाचायला लावली त्याच्याबद्दल मराठीत इतकं कमी लिहिलं जावं, याचं वाईट वाटतं.

तेव्हा रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये वेळ काढायचा असेल, आजोबांना वाचून दाखवायचं असेल, किंवा वाचनाची सवयच लावायची असेल तर अर्नाळकर. पाचशे रुपये असतील आणि पुस्तक घरी राहणार असेल तर ख्रिस्ती.

भाचीने ख्रिस्तीच घेतली. काकांनी हट्टाने कपाटातला एक जीर्ण अर्नाळकरही तिच्याकडे धाडला. काल रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "मामा, याचं शेवटचं पान कुठाय?"

मी म्हटलं, त्याने काही बिघडत नाही. तिने फोनच ठेवला.