मायक्रो-निकॉर ५५ मिमी: एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंत

निकॉनची मायक्रो-निकॉर ५५ मिमी एफ/२.८ ही फिल्मच्या जमान्यातली, पूर्णपणे हाताने चालवायची लेन्स गेल्या मृगापासून माझ्या सोनी ए६४०० वर आहे. मध्ये एक साधं धातूचं ॲडॅप्टर, त्यात ना चिप ना काही. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यातली कपाशी आणि केळी एवढंच माझं क्षेत्र. पानावर नेमकं काय बसलंय ते फोटोतून शेतकऱ्यांना दाखवता आलं, की फवारणी कशाची करायची, करायची की नाही, हे नीट ठरतं.

या कामाला ही लेन्स का लागते ते आधी सांगतो. हिच्या नळीवर प्रमाणाचे आकडे कोरलेले आहेत. रिंग १:२ वर आणली की किडा सेन्सरवर निम्म्या आकाराचा उमटतो. मागे पीके-१३ ही २७.५ मिमीची एक्स्टेन्शन रिंग जोडली की १:१ पर्यंत जाता येतं, म्हणजे जेवढ्यास तेवढा. ए६४०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद, फोटो ६००० पिक्सेल रुंद. म्हणजे १:१ ला एका मिलिमीटरला साधारण २५५ पिक्सेल पडतात. डोमकळी (बोंडअळीमुळे न उमलता गुंडाळून राहिलेलं कपाशीचं फूल) सोडवली आणि आत काळ्या डोक्याची पांढुरकी अळी निघाली, तर तिची लांबी फोटोवरूनच काढता येते. बोंडअळी लहानपणी गुलाबी नसते, त्यामुळे रंगापेक्षा हे माप जास्त उपयोगी पडतं. ऑटोफोकस फोकस शोधायला पुढे-मागे झाला की प्रमाणही हलतं. इथे रिंग एकदा लावली की तिला हात लावायचा नाही. फोकससाठी आपणच केसभर पुढे-मागे व्हायचं.

हे जमायला वेळ लागतो, पण एक पद्धत फार कामाला येते. डाव्या हाताच्या दोन बोटांत पानाचा देठ धरायचा आणि त्याच हातावर लेन्स टेकवायची. आषाढातलं वारं कितीही सुटलं तरी पान आणि लेन्स एकत्रच हलतात. कपाशीचं पान असं अलगद उलटं केलं की तुडतुड्याचं फिकट हिरवं पिल्लू शिरेच्या आडोशाला तिरकं चालत सरकतं. एफ/८ ला (हा छिद्राचा आकडा; आकडा जेवढा मोठा तेवढं छिद्र बारीक) १:१ वर फोकसची खोली एक मिलिमीटरही नसते, म्हणून किड्याचा डोळा तीक्ष्ण झाला की पाय अंधुक राहणारच. फोकस पीकिंगच्या, म्हणजे फोकस कुठे आहे ते पडद्यावर दाखवणाऱ्या रंगीत रेषांवर मी फारसा विसंबत नाही. पानाच्या लवेवरही त्या चमकतात. स्वतःच्या नजरेवर भर द्या आणि चार-पाच फोटो लागोपाठ काढा.

छिद्र एफ/८ च्या पुढे शक्यतो नेऊ नका. १:१ ला एफ/८ चं प्रत्यक्षात एफ/१६ होतं, आणि एफ/१६ लावलं तर थेट एफ/३२; मग विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्याने, सगळंच मऊ पडतं. उजेड कमी पडतो तो फ्लॅशने भरायचा, १/१६० सेकंदावर, पुढे बटर पेपर लावून. किडा भिंगापासून तीन-चार बोटांवर असतो, त्यामुळे फ्लॅश वरून वाकवून आणला नाही तर लेन्सचीच सावली पडते.

ॲडॅप्टरमध्ये चिप नसल्याने कॅमेऱ्याला लेन्स कळत नाही, म्हणून मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करावं लागतं, नाहीतर बटणच दबत नाही. छिद्राचा आकडा फोटोत नोंदला जात नाही, वही ठेवा. हाताची थरथर सावरायला आतून हलणारा सेन्सर असलेल्या बॉडीत ५५ हा आकडा हाताने भरावा लागतो. निकॉन डी५६०० सारख्या बॉडीवर ही लेन्स बसते, पण प्रकाशमापन बंद राहतं. मिररलेसवर छिद्र बारीक केलं तरी दृश्यदर्शक आपणहून उजळतो, हे सुख फार मोठं आहे.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. या लेन्सची जुनी तक्रार म्हणजे आतलं ग्रीस सुटून छिद्राच्या पात्यांवर तेल येतं. जळगाव-भुसावळचा ४५ अंशांचा मे महिना आणि पत्र्याचं घर म्हणजे त्याला आमंत्रणच. माझ्या लेन्सच्या पात्यांवर यंदा तेलाची झाक दिसली. फिल्म कॅमेऱ्यावर पाती क्षणात मिटावी लागतात, तिथे हा दोष फोटो बिघडवतो. साध्या ॲडॅप्टरवर मात्र पाती आधीच ठरल्या जागी येऊन थांबलेली असतात, त्यामुळे एक्सपोजरमध्ये काहीच फरक पडलेला नाही. तरी लेन्स घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा.

पहिल्या पावसानंतर बांधावर मृगाचा किडा निघाला तेव्हा वेगळंच कळलं. त्याची लाल मखमल इतकी गडद असते की इतर रंग बरोबर असताना लाल रंग फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे जातात, आणि अंगावरची लव सपाट दिसते. एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी करा, फोटो काढल्यावर लाल हिस्टोग्राम (लाल रंगाच्या उजेडाचा आलेख) उजव्या टोकाला आदळत नाही ना ते बघा. मग एकेक केस उठून दिसतो. इतकं देखणं जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला फुलपाखरं टिपायची असतील तर ही लेन्स घेऊ नका. ५५ मिमीने इतकं जवळ जावं लागतं की ती उडून जातात. ९० किंवा १०० मिमीची बघा. केळीवरचे फुलकिडे जेमतेम मिलिमीटरभर असतात, त्यांना १:१ अपुरं पडतं. नवीच लेन्स हवी असेल तर लाओवाची ६५ मिमी पूर्ण मॅन्युअल आहे आणि २:१ पर्यंत, म्हणजे दुप्पट आकारापर्यंत जाते.

जुनी घेताना रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, कुठे अडत असेल तर सोडून द्या. टॉर्च मागून मारून आत बुरशीचे धागे आहेत का तेही तपासा. तेल साफ होतं, पण बुरशीने काचेचा थर खाल्ला की तो परत येत नाही. ॲडॅप्टर बसवून लेन्स हलवून पाहा. जराही डुगडुगत असेल तर दुसरं ॲडॅप्टर घ्या.