खोक्यावर ६५, आत ७०: जुन्या बंदुकीसाठी काडतुसं घेताना माझी झालेली फसवणूक

आजोबांची दुनळी बंदूक गेल्या वर्षी वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची बनावट, बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप). मुरबाडकडे आमची भातशेती आहे. पीक तयार झालं की रात्री रानडुकरं उतरतात आणि त्यांना हुसकवायला एखादा बार काढावा लागतो. बंदूक कित्येक वर्षं वापरात नव्हती, म्हणून काडतुसं घेण्याआधी ती तपासून घ्यावी असं ठरवलं आणि ठाण्यातल्या एका परवानाधारक दुकानात गेलो.

दुकानदाराने बंदूक आत नेली आणि दहा मिनिटांत परत आणली. नळ्या पुसलेल्या, तेलाचा वास येत होता. "सगळी तपासली, बिनधास्त वापरा," म्हणाला आणि तपासणीचे दोन हजार घेतले. मग "जुन्या बंदुकांसाठी खास हलकी" म्हणून २५ काडतुसांचं खोकं चढ्या दराने दिलं. खोक्यावर ६५ मिमी छापलेलं होतं. मी विचारलंसुद्धा, लांबी बरोबर आहे ना? त्याने एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत टाकून बंदूक मिटून दाखवली. "बघा, बसलं की नाही? बारा बोअर म्हणजे बारा बोअर, साहेब." बसलं होतं खरं. मी पैसे देऊन बाहेर पडलो.

शेतावर पहिलाच बार काढला आणि खांद्याला असा दणका बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. बंदूक उघडेना. गुडघ्यावर दाबून उघडली तेव्हा रिकामं काडतूस चिकटून बसलेलं. ओढून काढलं तर त्याचं तोंड चुरगळलेलं आणि कडेने करपलेलं. दुसरा बार काढला नाही.

आमच्या ओळखीचे एक काका कळव्याला राहतात, पोलीस खात्यातून आर्मरर, म्हणजे शस्त्रं तपासणारे-दुरुस्त करणारे म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी माझ्या मुलाची पट्टी मागितली. वापरलेलं काडतूस मोजलं तर भरलं सत्तर मिलिमीटर. "अरे, काडतुसाची लांबी ही बार उडाल्यावर तोंड उघडलं की मोजतात," ते म्हणाले. न वापरलेल्याचं तोंड आत दुमडलेलं असतं. त्यामुळे ७० चं काडतूस साठच्या आसपास भरतं आणि ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं. बार उडताना ती दुमड उलगडते, पण चेंबरच्या पुढे नळी निमुळती झालेली असते. तोंडाला पूर्ण उघडायला जागा मिळत नाही, छर्रे त्या चिंचोळ्या तोंडातून रेटले जातात आणि दाब भलताच चढतो.

मग काकांनी नळ्या उतरवून खालच्या सपाट भागावर बॅटरी मारली. बारीक अक्षरांत ठोकलेलं होतं: नायट्रो प्रूफ, १⅛ औंस, शेजारी २½ इंच. म्हणजे धूररहित दारूची चाचणी झालेली, छर्रे जास्तीत जास्त ३२ ग्रॅम आणि चेंबर अडीच इंची, ज्यात आज ६५ मिमीचंच काडतूस घालायचं. अशी लांबी ठोकायला इंग्लंडमध्ये १९२५ च्या नियमांपासून सुरुवात झाली, त्यामुळे ही चाचणी त्यानंतरची, हेही कळलं. मला विकलेल्या काडतुसांवर नीट पाहिलं तर ३६ ग्रॅम. नळ्या उतरवायला अर्धं मिनिट पुरतं. दुकानदाराने ते केलं असतं तर त्याला हे दिसलंच असतं. आणि पाहूनही त्याने ती काडतुसं दिली असतील, तर ते मला जास्त भयंकर वाटतं.

शेवटी काकांनी मिटलेली बंदूक ट्यूबलाइटसमोर धरली. नळ्या आणि मागची बैठक यांच्यामध्ये उजेडाची केसाएवढी रेघ दिसत होती. एका बाराने सांधा ढिला झालाय. आजोबांनी इतकी वर्षं जपलेल्या वस्तूतली ती रेघ बघून जे वाटलं ते सांगता येणार नाही. बार काढला तेव्हा माझ्याशेजारी बॅटरी धरून मुलगा उभा होता, हे आठवलं की अजून छातीत धडधडतं.

दुकानदार आता म्हणतो, खोकं उघडल्यावर आमची जबाबदारी नाही. त्याच्या बिलावर फक्त "१२ बोअर, २५ नग" एवढंच आहे, आणि तक्रार तिथेच अडते. लांबी आणि छर्ऱ्यांचं वजन बिलावर लिहून घ्या, तो कंटाळला तरी घ्या. खोक्यावर विसंबू नका, प्रत्येक काडतुसावर छापलेलं वाचा. नळी डमास्कसची, म्हणजे वळ्यावळ्यांची नक्षी असलेली असेल किंवा नायट्रोची खूण नसेल, तर जाणकाराने नळ्या उतरवून पाहिल्याशिवाय एकही आधुनिक काडतूस घालू नका.

परवाना शाखेत लेखी अर्ज दिलाय. उरलेली २४ काडतुसं खोक्यासकट कुलपात आहेत, आणि ते करपलेलं एक वेगळ्या पाकिटात, पट्टीशेजारी ठेवून काढलेल्या फोटोसह.