बीएस-६ डिझेल गाडी : जळगावकरांनी घ्यावी का?
पिकअप एक नंबर, भरल्या गाडीने कन्नड घाट आरामात चढते. पण रोज घर-शाळा-बाजार एवढंच जळगावात फिरणार असाल तर नकोच, कारण डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी साठते नि ती जाळायला गाडी सलग पळावी लागते, डॅशबोर्डवर त्याची लाईट लागली की मी सरळ धुळे हायवेला काढतो. शोरूमवाल्याने यातलं अवाक्षर काढलं नाही! २०२३ पासून बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या फेज २ मध्ये (दुसरा टप्पा) नव्या मॉडेलचा नॉक्स, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साईड वायू, प्रत्यक्ष रस्त्यावर चालवूनही तपासतात, हे बरंय. पीयूसीत मात्र नळी घातली, रेस दिली, धूर मोजला, झालं, नॉक्सचं नावच नाही. आणि हो, डीईएफ (नॉक्स कमी करायला गाडीत वेगळ्या टाकीत भरतात ते शुद्ध युरियाचं द्रावण) सीलबंदच घ्या, शेतातला युरिया पाण्यात कालवायचा जुगाड कोणी सांगितला तर हात जोडा.