एकरकमी खरेदी की दरमहा हप्ता?

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने (मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाने) २१,००० ओलांडले, त्याच आठवड्यात मी दीड लाखाची साठवण एका बांधकाम कंपनीच्या शेअरमध्ये घातली. सगळेच घेत होते, एवढंच माझं कारण. मार्च २००९ मध्ये निर्देशांक ८,००० च्या आसपास आला आणि घाबरून मी मिळेल त्या भावाला विकून मोकळा झालो. नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा २१,००० वर होता. तो दिवस मला अजून सलतो.

पुढे निर्देशांक फंडात (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे विभागून घालणाऱ्या फंडात) दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे ठरावीक रकमेचा हप्ता, सुरू केली. तिचं गणित साधं आहे. भाव १०० असेल तर ५० युनिट (फंडातले हिस्से), भाव ५० झाला तर १०० युनिट. दोन्ही मिळून सरासरी खरेदी ७५ ला नव्हे, ६६.६७ ला पडते. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला, तेव्हाही हप्ता गेला. हात थरथरले, पण मी तो थांबवला नाही.

एकरकमीची बाजूही खरी आहे: बाजार सतत चढत असेल तर आधी गुंतवलेला पैसा जास्त कमावतो. दहा वर्षं हात न लावता येणारी रक्कम असेल, तर तीही चालेल. मात्र एकाच शेअरमध्ये नको. कंपनीच बुडाली तर हप्त्यांनीही वाचवता येत नाही. माझ्यासारख्या पगारदार, धास्तावणाऱ्या माणसाला मी एसआयपीच सुचवेन.