पेठेतला पत्ता आणि गूगलचा नकाशा: डिलिव्हरी ॲप बनवणाऱ्यांसाठी परीक्षण

पुण्यात घरपोच डबे, औषधं किंवा किराणा देणारं अँड्रॉइड ॲप बनवायचं म्हटलं की नकाशासाठी पहिलं नाव गूगल मॅप्स प्लॅटफॉर्मचं निघतं. घ्यावं का? नकाशा आणि पत्त्याचा शोध यांसाठी जरूर घ्या. ग्राहकाचं दार नेमकं कुठे, हे ठरवण्याचं काम मात्र त्याच्यावर सोडू नका.

नकाशा दाखवणं हा यातला सोपा आणि स्वस्त भाग. मोबाइल एसडीकेमधून (ॲपमध्ये नकाशा बसवण्यासाठी गूगलने दिलेला तयार कोड) नकाशा कितीही वेळा उघडला तरी त्याचे पैसे पडत नाहीत. क्लाउड कन्सोलमध्ये प्रोजेक्ट उघडा, बिलिंग खातं जोडा, अँड्रॉइडचा मॅप्स एसडीके चालू करा, एपीआय की (गूगलच्या सेवा वापरायची किल्ली) तयार करा आणि ती ॲपच्या पॅकेज नावाला व एसएचए-1 ठशाला (ॲपवरच्या डिजिटल सहीची ओळखखूण) बांधा. पहिली ठेच इथेच लागते. स्वतःच्या फोनवर नकाशा व्यवस्थित दिसतो, पण प्ले स्टोअरवरून उतरवलेल्या ॲपमध्ये कोरी चौकट आणि कोपऱ्यात फक्त गूगलचं नाव. प्ले स्टोअर ॲपवर स्वतःकडची सही पुन्हा करतं, त्यामुळे ठसा बदलतो. प्ले कन्सोलमधल्या ॲप साइनिंगच्या पानावर तो नवा एसएचए-1 मिळतो. डीबगच्या, म्हणजे चाचणीसाठी स्वतः बनवलेल्या ॲपच्या, ठशाबरोबर तोही त्याच कीमध्ये घाला. चौकट कोरी दिसली की आधी लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडची त्रुटींची नोंदवही) 'ऑथरायझेशन फेल्युअर' शोधा, कोड उसवत बसू नका.

खरा खर्च शोधाचा. मार्च 2025 पासून महिन्याची 200 डॉलरची सरसकट सूट बंद होऊन प्रत्येक सेवेला वेगळा मोफत कोटा आला. सेवांचे दरानुसार तीन गट आहेत: भारतातल्या खात्यांना दरमहा एसेन्शियल्स गटात 70,000, प्रो गटात 35,000 आणि एंटरप्राइज गटात 7,000 विनंत्या फुकट मिळतात. आकडे मोठे वाटतात, पण 'सदाशिव पेठ' टाइप करताना प्रत्येक अक्षराला विनंती गेली तर एका शोधातच दहा जातात. तीन अक्षरं होईपर्यंत थांबा, दोन कळांमध्ये सुमारे 300 मिलिसेकंदांचं अंतर ठेवा आणि प्रत्येक शोधाला नवं सेशन टोकन (एका शोधातल्या विनंत्या एकत्र बांधणारी खूण) द्या. तेच टोकन पुन्हा वापरलं तर विनंत्या सुट्या मोजल्या जातात.

ठिकाणाचा तपशील मागवतानाही हात आखडता ठेवा. फक्त अक्षांश-रेखांश आणि पत्ता मागितला तर विनंती एसेन्शियल्स गटात राहते. ठिकाणाचं नाव मागितलं की ती प्रोमध्ये जाते, फोन नंबर किंवा रेटिंग मागितलं की एंटरप्राइजमध्ये. नाव सुचवणीच्या यादीत आधीच आलेलं असतं, तेच जपून ठेवा. दुचाकीचा मार्ग विचारणंही एंटरप्राइज गटातच मोजलं जातं. डिलिव्हरीची मुलं दुचाकीवरच असतात, म्हणून मार्ग दर काही सेकंदांनी न विचारता ऑर्डर उचलताना एकदाच विचारा. बजेट अलर्ट फक्त मेल पाठवतो, बिल थांबवत नाही. थांबवायचं असेल तर प्रत्येक एपीआयला रोजची कोटा-मर्यादा लावा.

शोधाची भाषा मराठी, प्रदेश भारत आणि झुकतं माप 18.5204, 73.8567 भोवती 25 किलोमीटरला द्या. निगडी, हिंजवडी, वाघोली सगळं त्यात येतं. मग खरी परीक्षा घ्या. 'खुन्या मुरलीधराजवळ', 'पत्र्या मारुती', 'नळ स्टॉप', अप्पा बळवंत चौकाऐवजी नुसतं 'एबीसी', आणि हेच सगळं रोमन लिपीत. सिटी सर्व्हे नंबर टाकून वाडा सापडेल अशी आशा धरू नका. पिनकोडवर डिलिव्हरीची हद्दही आखू नका, कारण 411030 मध्ये सदाशिव, नारायण आणि शनिवार अशा वेगवेगळ्या पेठा येतात. हद्द नकाशावर बहुभुज काढून ठरवा.

पेठांच्या बोळांत दोन्हीकडच्या भिंतींवरून उपग्रहाचा सिग्नल परावर्तित होतो आणि ठिपका शेजारच्या बोळात पडतो. बाणेर-मगरपट्ट्यासारख्या भागात चूक वेगळी होते: पिन सोसायटीच्या मध्यावर आणि फाटक मागच्या रस्त्याला. दोन्हींवर उपाय एकच. ग्राहकाला पिन बोटाने सरकवू द्या, खाली 'जवळची खूण' असा रकाना ठेवा आणि सरकवलेला बिंदू पत्त्यापासून वेगळा साठवा. हा रकाना ऐच्छिक ठेवणं ही आमच्या मते सर्वांत महागात पडणारी बचत आहे.

परवानगी ॲप उघडल्या उघडल्या मागू नये. 'माझं ठिकाण' हे बटण दाबल्यावरच मागा. अँड्रॉइड 12 पासून अचूक आणि अंदाजे या दोन्ही परवानग्या एकत्र मागाव्या लागतात आणि ग्राहक 'अंदाजे' निवडू शकतो. तेव्हा मिळणारं ठिकाण सुमारे 3 चौरस किलोमीटरच्या घेरातलं असतं, म्हणजे पेठेतला माणूस डेक्कनला दिसू शकतो. म्हणून प्रत्येक बिंदूसोबत येणारा अचूकतेचा आकडा तपासा आणि 50 मीटरच्या पुढे गेला तर पिन आपणहून पक्की करू नका. मेट्रोच्या भुयारी टप्प्यात, मंडई स्टेशनात बसून कुणी ऑर्डर दिली तरी हीच तपासणी वाचवते. फोनला ठाऊक असलेलं शेवटचं ठिकाण मागवल्यावर काहीच हाती न येणं हेही नेहमीचंच. त्या वेळी ताजं ठिकाण नव्याने मागा. दोनदा नकार मिळाला की अँड्रॉइड 11 आणि पुढे प्रश्नाची चौकट पुन्हा येत नाही, म्हणून पत्ता टाइप करण्याची वाट कायम उघडी हवी.

डिलिव्हरीच्या मुलाचा माग ठेवायचा तर लोकेशन प्रकारची फोरग्राउंड सर्व्हिस (सूचना दाखवत मागे चालू राहणारं काम) हवी. अँड्रॉइड 14 मध्ये त्यासाठी मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती आणि परवानग्या नोंदवणारी फाइल) स्वतंत्र परवानगी नोंदवावी लागते, आणि सर्व्हिस ॲप समोर उघडं असतानाच सुरू करा. दर 10 सेकंदांनी आणि 20 मीटर हलल्यावरच बिंदू पाठवला तर बॅटरी दिवसभर पुरण्याची शक्यता बरीच वाढते. काही कंपन्यांच्या फोनमधली बॅटरी-बचत तरीही सर्व्हिस मारते. त्या बचतीतून ॲपला सूट सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते.

सिंहगड-राजगडसारख्या रेंज नसलेल्या जागी चालणारं ॲप असेल तर गूगल सोडा, त्याच्या अटींत नकाशाचे तुकडे साठवून ठेवता येत नाहीत. तिथे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा डेटा आणि तो दाखवणारं मॅपलिब्रे हे खुलं सॉफ्टवेअर घ्या. नकाशावर श्रेय द्या, देशाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळवून घ्या आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या सार्वजनिक सर्व्हरवरून तुकडे घाऊक उतरवू नका, तिथे बंदी होते. गूगलचा शोध आणि मॅपलिब्रेचा नकाशा अशी सांगड घालायला गूगलच्या अटी परवानगी देत नाहीत. शिवाय जिओजेसनमध्ये (नकाशाचा डेटा लिहिण्याची पद्धत) रेखांश आधी येतो. पुण्याचे 73.85, 18.52 हे आकडे उलटे वाचले गेले तर पिन नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडते.