ई-रीडरवर आठ महिने: हरिभाऊ, बेडेकर आणि 'कोसला'

डोंबिवली ते दादर या रोजच्या प्रवासात वाचता यावे म्हणून मी सहा इंची ई-रीडर घेतला, तेव्हा माझा बेत असा होता की जुन्या, संथ कादंबऱ्या रविवारी घरी छापील प्रतीतून वाचायच्या आणि नवे, आटोपशीर लेखन लोकलमध्ये. आठ महिन्यांत हा बेत जवळजवळ उलटा झाला आहे.

याला कारण हरिभाऊ आपटे. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यांच्याच, १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. मागचा धागा आठवडाभराने पुन्हा हाती द्यावा लागत असल्यामुळे गोष्ट सांगणारी नायिका यमू जे पाल्हाळ लावते, त्याचा मला कॉलेजात कंटाळा आला होता. मात्र गर्दीत, ठाण्याला धक्के खात चार पाने वाचून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाणाऱ्या वाचकाला ते पाल्हाळ फार सोयीचे पडते. शेजारच्या बाईंनी एकदा पडद्यात डोकावून विचारले, "ताई, हिच्या सासरचे पुढे सुधारतात का हो?" मी काहीच सांगितले नाही.

यंत्राची खरी परीक्षा मात्र जुन्या मजकुरानेच घेतली. हरिभाऊंचे निधन १९१९ सालचे, त्यामुळे त्यांचे लेखन स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाले आहे आणि फुकट मिळते. पण ते बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या रूपात. सहा इंचांवर ती अक्षरे मुंगीएवढी दिसतात आणि मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते. त्यात १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे 'नाहीं', 'केलें' हे अनुस्वार; स्कॅनमधला धुळीचा कण कोणता आणि अनुस्वार कोणता, हे कितीदा तरी अंदाजानेच ठरवावे लागले. यंत्राकडून अक्षरे ओळखून घेतलेली एक प्रत मिळाली, तर तिच्यात 'घर' सगळीकडे 'धर' झालेले! शब्दावर बोट दाबून अर्थ पाहण्याची सोय मराठीसाठी माझ्या यंत्रात नाही, म्हणून अडलेला शब्द संध्याकाळी घरी मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात शोधते.

जुने म्हणजे पाल्हाळिक, हा माझा समज विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ने मोडला. १९३९ सालची ही कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते आणि इतकी आखडती आहे की दोन दिवसांत संपली; परंतु गाडीत वाचून ती वाया घालवली, असेच वाटते. चक्रधर आणि हॅर्टा यांच्यात जे बोलले जात नाही ते ऐकायला सलग शांतता हवी, आणि आमच्या डब्यात ती नसते.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) मी मुद्दाम जुन्या छापील प्रतीतून पुन्हा वाचली. पांडुरंग सांगवीकरही यमूसारखाच 'मी' म्हणून सांगतो, पण तो वाचकाचे बोट धरत नाही. त्याची थट्टा डब्यातही चालते; धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी आले तेव्हा मात्र पुस्तक मिटावे लागले. अलीकडच्या बऱ्याच कादंबऱ्यांना ही तुटकता वारशाने मिळाली आहे, आणि त्यांतल्या काही मला नुसत्याच तुटक वाटल्या. अशा पुस्तकांत वीस पाने मागे जाऊन काहीतरी ताडून पाहावे लागते, आणि ई-रीडरवर मागे जाणे हे त्रासाचेच काम आहे. कागदावर ते वाक्य डाव्या पानावर, खालच्या बाजूला होते, एवढी खूण पुरते.

बॅटरी तीन आठवडे टिकते, उन्हात पडदा स्पष्ट दिसतो, तक्रार नाही. पिशवीत सध्या यंत्रात हरिभाऊ आहेत आणि रविवारसाठी उशाशी पुन्हा 'रणांगण', या वेळी कागदावरचे.